उद्घाटनानंतर काय?

२६ मे २०२५ रोजी मुंबईत पाऊस दाखल झाला, नेहमीच्या तारखेपेक्षा पंधरवडाभर आधी. हिंदमाता, गांधी मार्केट, चुनाभट्टी आणि यलो गेट या सखल भागांसाठी महापालिकेने छोटी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी पंपाची ठाणी, उभारलेली होती. हिंदमात्याचं पाणी साठवायला तर दादरच्या एका बागेखाली आणि परळच्या एका मैदानाखाली भल्यामोठ्या टाक्या खोदून झाल्या होत्या. इतकं असूनही त्या दिवशी चारही केंद्रं वेळेत पूर्ण क्षमतेने चालली नाहीत. पाणी तुंबलं आणि पालिकेने चारही केंद्रांच्या चालकांना प्रत्येकी १० लाख रुपये दंड ठोठावला.

दंड योग्यच होता. पण पैसा खर्च झाला, बांधकाम झालं, फीत कापली गेली आणि ज्या दिवसासाठी हे सगळं केलं त्या दिवशी यंत्र तयार नव्हतं, याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. शहराच्या सरकारने प्रगती केली की नाही, हे आपण नवीन काय बांधलं त्यावरून मोजतो. माझं म्हणणं असं की ते बांधलेलं दुसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी, ऐन वेळेला चालतं का, यावरून मोजावं. सुरक्षितता, शाळा आणि रस्त्यावरचा रोजगार या तिन्ही बाबतीत मुंबईचं दुखणं एकच आहे. पालिकेत एका खात्याचं नावच ‘परिरक्षण’, म्हणजे देखभाल-दुरुस्ती, आहे, आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते याच कामाबद्दल.

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती सांगते, तरीही जवळपास चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. प्रस्ताव आयुक्तांचा आणि मंजुरीही प्रशासक म्हणून त्यांचीच. मोठी कामं या काळात थांबली नाहीत. थांबलं ते प्रश्न विचारणं. गल्लीतल्या मॅनहोलचं झाकण गेलं की वॉर्ड ऑफिसमध्ये जाऊन सहायक अभियंत्याच्या टेबलासमोर बसून राहणारा माणूस नगरसेवक असतो. तोच नसेल तर परिरक्षणाला वाली राहत नाही. आता २२७ नगरसेवक परत आले आहेत, स्थायी समिती आहे, शिक्षण समिती आहे, प्रभाग समित्या आहेत.

अर्थात २०२२ पूर्वी नगरसेवक होते तेव्हा सगळं आलबेल होतं, असा माझा दावा नाही. नगरसेवक निधीतून लाद्या, बाकडी, कमानी आणि नावाचे फलक होत राहिले. पंपाची नोंदवही मागणारे फार थोडे होते. म्हणून कोणत्या नोंदवह्या मागायच्या, हे तपशिलात सांगायला हवं.

सुरुवात पैशापासून. २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. अर्थसंकल्पाच्या दिवशी बातमी होते ती या आकड्याची आणि नव्या योजनांची. पण पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या बाबीपुढे, तीन महत्त्वाचे रकाने असतात: पुढच्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. वाचायचा तो तिसरा. एखाद्या कामासाठी शंभर रुपये ठेवले, डिसेंबरमध्ये सत्तरवर आणले आणि हातात पंचावन्नच खर्च झाले, तर तिथे निविदा रखडली, न्यायालयात गेली किंवा जागा ताब्यात आली नाही यापैकी काहीतरी घडलेलं असतं. नगरसेवकाने लागोपाठच्या पुस्तकांतून एकाच वर्षाचे हे तीन आकडे आपल्या वॉर्डापुरते शेजारी शेजारी लिहून काढले, तरी पहिल्या सभेला विचारायला पुरेसे प्रश्न मिळतील.

सुरक्षितता म्हटलं की पहिल्यांदा पोलिस आठवतात. पोलिस राज्याच्या गृहखात्याचे. महापौर एका हवालदाराचीही बदली करू शकत नाही. तो विषय इथेच ठेवतो. पालिकेच्या हातात झाकण, नाला, जिना, पदपथ, अग्निशमन आणि इमारत आहे, आणि माणसं जातात ती यातूनही.

नालेसफाई घ्या. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर नेण्याचं काम जोरात सुरू झालं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध ही मोठी उदंचन केंद्रं उभी राहिली. ही खरी प्रगती आहे आणि ती मान्य करायला हवी. पण ५० मिलिमीटरची वाहिनी निम्मी गाळाने भरली, तर ती ५० ची राहत नाही.

गाळ काढण्याचे पैसे टनावर मिळतात. भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढतो, रिकाम्या ट्रकचं वजन वजा होतं, उरलेलं बिलात लागतं. साधा हिशेब, आणि तो बिघडतो चार-पाच ठिकाणी. ओल्या गाळात पाणी भरपूर असतं. तो निथळू न देता भरला तर आपण पाण्याचं वजन विकत घेतो. निथळायला काठावर ठेवला आणि वेळेत उचलला नाही तर पहिल्याच सरीत परत नाल्यात जातो. गाळात राडारोडा मिसळला की टनेज झटपट भरतं. रिकाम्या ट्रकचं वजन कमी लिहिलं की प्रत्येक फेरीला फुकटचा फायदा. आणि गाळ नेमका कुठे टाकला, ती जागा कागदावरच असू शकते. मिठी नदीच्या गाळउपशाबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये जो गुन्हा नोंदवला, त्यात गाळ टाकण्याच्या जागांचे करारच बनावट असल्याचा आरोप आहे. न्यायालय काय ते ठरवेल.

पालिकेने यावर चित्रफिती बंधनकारक केल्या, त्या संगणकाकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. पाऊल चांगलं आहे. पण त्यातून पुन्हा टनच मोजला जातो. नाल्याकाठच्या वस्तीला टनाशी देणंघेणं नाही. त्यांना हवं असतं नाल्याच्या तळाचं उत्तर: तळ किती खाली गेला? ते मोजायला फार काही लागत नाही. लेव्हलिंग यंत्र, पट्टी, एक सर्वेक्षक आणि दोन मदतनीस. दर ५० मीटरवर सफाईआधी तळाची पातळी घ्यायची, सफाईनंतर पुन्हा घ्यायची आणि दोन्ही आकडे नाल्याच्या भिंतीवर रंगाने लिहायचे. मूळ आराखड्यातली पातळी तिसऱ्या ओळीत. एक किलोमीटरच्या नाल्याला अशा वीस-एकवीस जागा होतात. दोन दिवसांचं काम. भिंतीवरचा आकडा वस्तीतला कोणीही बांबू घालून पडताळू शकतो. ठेकेदाराचं अंतिम बिल टनाऐवजी या पातळीवर काढलं, तर राडारोडा मिसळून काही उपयोग उरत नाही.

मॅनहोलचंही असंच. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने वारंवार खडसावल्यावर झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसू लागल्या. जाळी बसली म्हणजे काम संपलं असं होत नाही. बिडाचं झाकण भंगारात विकलं जातं म्हणून चोरीला जातं, तेव्हा झाकण गेल्याचं रोज पाहणारा मुकादम हवा. गाळ काढायला जाळी उघडावी लागते. बिजागरी गंजलेली असेल तर ती कापून काढली जाते, आणि परत बसवली का, हे लिहायला सफाईच्या अहवालात रकानाच नसेल तर ते कोणालाच कळणार नाही. एक रकाना वाढवायचा आहे फक्त. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि ती दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितली. दोष ठरवायचा तर आधी नोंद लागते. ती नसेल तर भरपाई अखेर करदात्याच्याच खिशातून जाईल.

आता आग. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा स्पष्ट आहे: इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे प्रपत्र ‘ब’, परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं. जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची. बहुतेक ठिकाणी गृहनिर्माण सोसायटीची.

प्रत्यक्षात काय दिसतं? जिन्याच्या वळणावरची लाल पेटी उघडा. आत होज हवा, त्याच्या टोकाला पितळी नोझल हवं, भिंतीतल्या वाहिनीवर व्हॉल्व्हचं चाक हवं. नोझल बरेचदा गायब असतं, कारण पितळेला भाव आहे. होज घडीवर घडी पडून चिरलेला असतो. मग तळघरातल्या पंपरूममध्ये जा. तिथे एक मोठा पंप आणि एक छोटा, त्याला जॉकी पंप म्हणतात. वाहिनीतला दाब थोडा कमी झाला की जॉकीने आपोआप चालू व्हायचं, फारच कमी झाला की मोठ्याने. सर्वात वरच्या मजल्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलोचा दाब मिळायला हवा. पॅनेलवर एक खटका असतो: ऑटो किंवा मॅन्युअल. तो मॅन्युअलवर सापडला तर त्यामागे बहुधा दुष्टपणा नसतो. वाहिनीला कुठेतरी बारीक गळती असते, त्यामुळे जॉकी दर दहा मिनिटांनी चालू-बंद होतो, तळमजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करतात, वीजबिल वाढतं, आणि कोणीतरी वॉचमनला सांगून खटका फिरवून ठेवतं. गळती शोधणं खर्चाचं, खटका फिरवणं फुकटचं. आग लागते तेव्हा पंपरूमला कुलूप असतं आणि चावी रात्रपाळीच्या माणसाकडे नसते.

प्रपत्र ‘ब’ कागदावर येत राहतं, कारण सोसायटी सर्वात स्वस्त दरपत्रक घेते आणि स्वस्त दरात पंप चालवून बघणं बसत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ माणसं गेली, तेव्हा तपासण्यांची लाट आली आणि ओसरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या पुनर्वसन इमारतीत वाहनतळातल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांनी पेट घेतला आणि धूर जिन्याने वर चढला. किमान ७ माणसं दगावली. या दोन इमारतींना एकच नोटीस देऊन चालणार नाही. हॉटेलवाल्याकडे पैसे आहेत, त्याचा परवाना प्रपत्राला जोडा आणि प्रपत्र नसेल तर नूतनीकरण थांबवा. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या सोसायटीकडे लिफ्टच्या बिलाचे पैसे नसतात. तिला नोटीस पाठवणं म्हणजे आपल्या फायलीत सुटका करून घेणं आहे. तिथे पालिकेनेच खर्चाचा वाटा उचलून पंप दुरुस्त करून द्यावा. अग्निशमन दलाच्या एका मोठ्या कारवाईपेक्षा तो नक्कीच स्वस्त पडेल.

दोन गोष्टी लगेच करता येतील. दर फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये वॉर्डनिहाय यादी लावा: कोणत्या इमारतीचं प्रपत्र आलं, कोणत्याचं नाही, कोणत्या संस्थेने दिलं. आणि आलेल्यांपैकी दर वीस इमारतींत एक चिठ्ठी टाकून निवडा, सोसायटीच्या सचिवासमोर गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून पंप आपोआप लागतो का ते बघा. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या दोन-चार संस्थांचे परवाने गेले की बाकीच्या आपोआप जिने चढू लागतील. तीस वर्षांवरच्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीलाही हीच पद्धत लागू पडते. तिथेही प्रमाणपत्र आहे, पडताळणी नाही.

हद्दीचा प्रश्न सगळ्यांना व्यापून आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरात फलक कोसळून १७ जण गेले. पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट, फलक होता १२० बाय १२०. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून परवानगी कोणाची यावर दोन यंत्रणा कागद फिरवत राहिल्या. पदपथावरच्या दिव्याचंही तसंच: खांब बेस्टचा किंवा अन्य वीज कंपनीचा, बिल पालिकेचं, तक्रार वॉर्डकडे. नागरिकाला हद्द दिसत नाही आणि दिसूही नये. जमीन कोणाचीही असो, वॉर्डाच्या हद्दीतल्या प्रत्येक फलकाची, पुलाची आणि खांबाची यादी सहायक आयुक्तांच्या टेबलावर हवी, आणि प्रत्येकापुढे शेवटची तपासणी कोणी, कधी केली तेही.

शाळांकडे वळू. २०२० मध्ये पालिकेने पहिली सीबीएसई शाळा सुरू केली, २०२१ मध्ये ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव आलं. या शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त आले. पालिकेच्या शाळेत मुलाला घालायला पालक रांग लावतात, हे दृश्य मुंबईने फार वर्षांनी पाहिलं आणि त्याचं श्रेय शिक्षण विभागाला द्यायलाच हवं. पण याच विभागाच्या मराठी माध्यमाच्या शाळांचा पट गेली पंधरा वर्षं घसरतो आहे. यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात: पालकांना मराठीचं प्रेम राहिलं नाही, आणि काळच इंग्रजीचा आहे. दोन्हींत खरी यंत्रणा दिसत नाही.

यंत्रणा अशी चालते. दरवर्षी पटावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक, सहावी ते आठवीला पस्तीसमागे एक. पट साठच्या आत आला की पाच इयत्तांना दोनच शिक्षक. तिसरा ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे समायोजित होतो. मग एक शिक्षक पहिली-दुसरी एकत्र घेतो, दुसरा तिसरी-चौथी-पाचवी. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला बीएलओ (मतदारयादीचं काम बघणारा अधिकारी) म्हणून गेला की पाच इयत्तांना एकटा उरतो. पालक हे दारातून पाहतो आणि पुढच्या जूनला दाखला काढतो. पट आणखी घसरतो. पालक इथे मराठी सोडत नसतो, शिक्षक नसलेला वर्ग सोडत असतो.

हे चक्र तोडायची जागा एकच: मराठी शाळेला पटाच्या हिशेबापलीकडे किमान शिक्षक देणं. पाच इयत्तांना पाच. पालिकेच्या तिजोरीला हे जड नाही. निदान पाच वर्षं, प्रत्येक प्रभागात एकेका शाळेत हे करून बघावं, बालवाडी त्याच इमारतीत आणावी, इंग्रजी पहिलीपासून चांगलं शिकवावं. त्यानंतरही पट वाढला नाही, तर पालकांच्या आवडीला दोष देण्याचा हक्क आपल्याला मिळेल.

शिक्षक वर्गाबाहेर किती दिवस राहतो, हाही याचाच भाग. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्याच कामांना मुभा दिली आहे. पण २०२७ च्या जनगणनेचं काम २०२६ पासूनच, घरांच्या यादीने सुरू होतं आणि मतदारयाद्यांचं काम बारमाही झालं आहे. शिक्षण समितीने प्रत्येक शाळेकडून महिन्याला एक ओळ मागावी: या महिन्यात शिकवण्याचे किती दिवस होते आणि प्रत्येक शिक्षक त्यातले किती दिवस वर्गात होता.

२७ शालेय वस्तू फुकट देण्याची योजना चांगली आहे, ती वेळेवर चालते तेव्हा. बूट आणि गणवेशाची मापं जानेवारीत घ्यायला हवीत, कार्यादेश मार्चपर्यंत निघायला हवा. तो मे महिन्यात गेला की रेनकोट गणपतीत हातात पडतो. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी, गच्चीवरच्या टाकीचं पाणी, दुपारच्या सुट्टीनंतर कोण साफ करतं, या गोष्टी वार्षिक अहवालात येत नाहीत. मुलगी वयात आल्यावर शाळेत टिकेल की नाही ते मात्र यावर ठरतं. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार त्यांना कायद्याने आहे. तो आराखडा वॉर्डाच्या परिरक्षण अभियंत्यापर्यंत पोचायला हवा. कडीला दोनशे रुपये लागतात, पण ती लावायचा अधिकार मुख्याध्यापकांकडे नसेल तर सहा महिने लागतात. मुख्याध्यापकांना किरकोळ दुरुस्तीसाठी स्वतःच्या सहीने खर्चता येईल अशी रक्कम द्या आणि तिचा हिशेब समितीसमोर ठेवा.

बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने शाळांना सीसीटीव्हीची सक्ती केली. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांचा निर्णय त्याआधीचा, २०२२ चा आहे. कॅमेरे मोजणं सोपं. चित्रण किती दिवस राहतं, ते कोण आणि कधी बघतं, समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि तक्रारपेटी कोणासमोर उघडली, हे मोजायला तपासनीस शाळेत जावा लागतो.

आणि आठवी. पालिकेच्या बहुसंख्य शाळा तिथे थांबतात, माध्यमिक शाळा त्या मानाने थोड्या. आठवी पास झालेलं प्रत्येक मूल नववीत कुठे गेलं, याची नावनिशीवार यादी जुलैअखेर हवी. ज्याच्या नावापुढे काहीच नाही, त्याच्या घरी जावं लागेल.

स्थानिक अर्थव्यवस्थेबद्दल पालिका बोलते तेव्हा नवे रस्ते आणि गुंतवणूक यांचीच चर्चा होते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्याने नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते, हे चांगलं झालं. पण पालिकेच्या हाताचा थेट स्पर्श ज्याच्या रोजच्या कमाईला होतो, तो फेरीवाला आहे.

२०१४ चा पथविक्रेता कायदा नीट वाचला तर तो फेरीवाल्याच्या आणि पादचाऱ्याच्या, दोघांच्याही बाजूचा आहे. आधी सर्वेक्षण, मग पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र, मग नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने जागांची आखणी. समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा तरी. ते पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवायचं नाही. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायची. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, त्याचे अडीच टक्के सुमारे ३ लाख ११ हजार. २०१४ च्या सर्वेक्षणात अर्ज आले सुमारे ९९ हजार. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत नावं होती सुमारे ३२ हजार. दहा वर्षं जुन्या यादीवर एवढ्या मोठ्या शहराचा रस्त्यावरचा व्यापार तोललेला आहे. बाकीचे विक्रेते कुठे गेले नाहीत. ते रस्त्यावरच आहेत, फक्त कागदाबाहेर. आणि कागदाबाहेरच्या माणसाकडून हप्ता घेता येतो.

विरोधाभास इथे टोकाला जातो. २०२० पासूनच्या स्वनिधी योजनेत विक्रेत्याला पहिलं कर्ज १० हजारांचं मिळत होतं, ऑगस्ट २०२५ पासून ते १५ हजार झालं आहे. नाव सर्वेक्षणात नसलेल्याला पालिकेचं शिफारसपत्र लागतं. म्हणजे एका खिडकीवर पालिका लिहून देते की हा आमच्या शहरातला विक्रेता आहे, आणि अतिक्रमण निर्मूलनाची गाडी त्याचीच हातगाडी उचलून नेते. बँकेचा हप्ता तर थांबत नाही. ज्याला शिफारसपत्र दिलं त्याला नव्या सर्वेक्षणात आधी घ्यावं, एवढी सुसंगती तरी हवी.

जप्तीचेही नियम आहेत. उचललेल्या मालाची यादी विक्रेत्याला तिथेच द्यायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. पहाटे चार वाजता दोन हजारांची मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या बाईचा माल अकराला उचलला आणि पाचला मिळाला, तर तो माल नसतो, पाचोळा असतो. यादीच्या पावतीवर वेळ छापली आणि गोदामात माल परत दिल्याची वेळ लिहिली, तर कायदा पाळला जातो की नाही ते महिन्याभरात कळेल.

पादचाऱ्यांचा राग खोटा नाही. पदपथावरून चालता येत नाही म्हणून म्हातारी माणसं रस्त्यावर उतरतात आणि गाडीखाली येतात. हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. उत्तर टेपने मोजायला लागतं. पादचाऱ्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हे मान्य प्रमाण. फेरीवाल्याची जागा एक मीटर बाय एक मीटर. म्हणजे तीन मीटर पदपथावर दोघं बसतात आणि थोडी जागा उरते. दोन मीटरच्या पदपथावर बसत नाहीत, तिथे विक्रेता नको, हे स्पष्ट सांगावं आणि त्याला जवळच्या कमी रहदारीच्या रस्त्यावर ठरावीक वेळेची जागा द्यावी. स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा-रुग्णालयांपासून १०० मीटरचं बंधन न्यायालयाने कायम ठेवलं आहे. ते पाळायचं तर १५१ व्या मीटरपासून पुढे, लोक घरी जातात त्याच वाटेवर, पांढऱ्या रंगाने चौकोन आखून क्रमांक टाकलेली जागा तयार हवी. गिऱ्हाईक नसलेल्या मैदानात हलवलेला विक्रेता आठवड्याभरात परत येतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

आखलेला चौकोनही पुसतो. पावसाळ्यानंतर तो पुन्हा रंगवावा लागतो, क्रमांक पडताळावा लागतो, मेलेल्या किंवा गावी गेलेल्या विक्रेत्याची जागा वारसाला किंवा यादीतल्या पुढच्या नावाला द्यावी लागते. हे काम अनुज्ञापन (परवाने) निरीक्षकाचं. किती वॉर्डांत ही निरीक्षकांची पदं भरलेली आहेत, हा प्रभाग समितीतला पहिला प्रश्न असावा.

बाकीच्या प्रश्नांनाही तारखा आहेत, आणि त्या ठाऊक असल्या की सभेत विषय मांडणं सोपं जातं. जानेवारीत: गणवेशाची मापं घेतली का? फेब्रुवारीत: जानेवारीच्या प्रपत्रांची यादी लावली का? एप्रिलमध्ये: नाल्याची आधीची पातळी भिंतीवर लिहिली का? १५ मे पर्यंत: प्रत्येक उदंचन केंद्रातला प्रत्येक पंप कोणत्या तारखेला, किती मिनिटं चालवला, आणि वीज गेली तर जनरेटरवर चालतो का, ते कोणी पाहिलं? जुलैअखेर: आठवीतून गेलेल्या मुलांची यादी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा प्रपत्र ‘ब’, त्या वेळी कोणत्या सोसायट्यांनी सलग दोनदा दिलं नाही त्यांची नावं, आणि त्यांतल्या किती पुनर्वसनाच्या इमारती आहेत तो आकडा.